लेवीय ते इब्री : यहुदी याजकांचे यज्ञ आणि ख्रिस्ती प्रायश्चित्तविचार कसे वाचावेत

‘ख्रिस्ताने आमच्या पापांसाठी स्वतःचे बलिदान केले’ हे वाक्य ख्रिस्ती प्रवचनांत आणि गीतांत इतक्या वेळा येते की ते कोणत्या व्यवस्थेतून आले आहे याची चौकशी सहसा होत नाही. ज्याला ती करावीशी वाटते, तो जुन्या करारातील लेवीय हे पुस्तक उघडतो आणि बैल, बकरे, चरबी, राख यांच्या तपशिलात दोन-तीन अध्यायांतच वाट चुकतो. हा लेख अशा नवख्या वाचकासाठी आहे. तो श्रद्धाळू असो, अभ्यासक असो किंवा नुसता जिज्ञासू. माझे म्हणणे एवढेच आहे, की क्रूसापासून मागे वाचत गेल्यास यज्ञांचा अर्थ आधीच ठरवून टाकला जातो; उलट निवासमंडपापासून (मोशेने उभारलेल्या उपासनेच्या तंबूपासून) पुढे वाचत आल्यास, यज्ञाचा गाभा पशूच्या मरणात नसून देवाच्या सान्निध्यात प्रवेश मिळण्यात आहे, हे आपोआप दिसू लागते.

वाचनाचा क्रम ठरवणे

संपूर्ण बायबल वाचून मग या विषयाकडे वळण्याची गरज नाही. निर्गम २४ ते २७, लेवीय १ ते ७, लेवीय १६, स्तोत्रे ४० आणि ११०, यशयाच्या ५२व्या अध्यायाच्या १३व्या वचनापासून ५३व्या अध्यायाच्या अखेरपर्यंतचा भाग, आणि शेवटी इब्री लोकांस पत्राच्या ४थ्या अध्यायाच्या १४व्या वचनापासून १०व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एवढे वाचन पुरते. हाच क्रम ठेवावा. मराठीत बायबलची एकाहून अधिक भाषांतरे आहेत, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले भाषांतर त्यांपैकीच एक, आणि यज्ञांची नावे प्रत्येकात थोडीफार वेगळी पडतात. म्हणून सुरुवातीला कोणतेही एकच भाषांतर धरून वाचावे. तुलना नंतर करता येते.

आपल्याकडील वाचकाने एक पूर्वग्रह मात्र दारातच उतरवून ठेवावा. आपल्या धर्मशास्त्रांत पापी मनुष्य स्वतः कृच्छ्र, चांद्रायण अशी व्रते करून प्रायश्चित्त घेतो. ते त्याने स्वतःवर लादून घेतलेले कष्ट असतात. लेवीयात प्रायश्चित्त ‘करणारा’ याजक असतो, आणि ज्या साधनाने ते होते ते रक्त देवानेच वेदीसाठी नेमून दिले आहे, असे १७व्या अध्यायाचे ११वे वचन सांगते. माणूस देवाला लाच देऊन शांत करतो, असे चित्र तेथे नाही. देवाने दिलेली वाट माणूस वापरतो, असे आहे.

जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणणे

निर्गम २५ ते २७ वाचताना कागदावर एक साधा आराखडा काढावा. बाहेरचे अंगण शंभर हात लांब आणि पन्नास हात रुंद आहे. त्यात होमार्पणाची वेदी. त्यापलीकडे मंडप, त्याचे दोन भाग : पुढचे पवित्रस्थान आणि अंतरपटामागचे परमपवित्रस्थान. परमपवित्रस्थानात कराराचा कोश, म्हणजे कराराच्या पाट्या ठेवण्याची पेटी, अडीच हात लांब, आणि त्यावर शुद्ध सोन्याचे झाकण, ज्याला मराठी बायबलात दयासन म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना करूब, म्हणजे पंख पसरलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या मूर्ती. तेथे मी तुला भेटेन, असे परमेश्वर मोशेला सांगतो.

या आराखड्यावर कोणाला कोठपर्यंत जाता येते ते लिहून ठेवावे. सामान्य इस्राएली माणूस अंगणातील वेदीपर्यंत, मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातील याजक पवित्रस्थानात, आणि मुख्य याजक एकटाच, वर्षातून एकाच दिवशी, अंतरपटाच्या आत. लेवी वंशातील इतर लोक याजक नसतात, ते याजकांचे मदतनीस असतात; हा फरक पुढे इब्री लोकांस पत्र वाचताना उपयोगी पडतो. यरुशलेमेत शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा मापे वाढली, परंतु बाहेरून आत जाताना चढत जाणाऱ्या पावित्र्याची ही रचना तीच राहिली.

पाच अर्पणे वेगवेगळी ओळखणे

नवखा वाचक सर्वांत जास्त घसरतो तो येथे, कारण ‘यज्ञ म्हणजे पापासाठी दिलेला बळी’ असे गृहीत धरून तो सगळी अर्पणे एकाच खात्यात टाकतो. होमार्पणात पशू संपूर्ण जाळला जातो. अन्नार्पणात पशूच नाही. सपीठ, तेल आणि धूप आहे. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाते, ठरावीक भाग याजकांना मिळतो आणि उरलेले मांस अर्पण करणारा माणूस आपल्या मंडळींसह खातो. ते आनंदाचे, उपकारस्तुतीचे, नवस फेडण्याचे जेवण आहे. पाप किंवा दोष यांच्याशी थेट संबंध असलेली अर्पणे दोनच, पापार्पण आणि दोषार्पण.

दोषार्पणाचा नियम फार व्यवहारी आहे. एखाद्याने शेजाऱ्याची ठेव बुडवली किंवा खोटी शपथ वाहून काही लाटले, तर त्याने आधी मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्सा अधिक असे ज्याचे त्याला परत द्यायचे, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे जायचे. भरपाई न करता वेदीकडे जाण्याची सोय नाही.

पापार्पणाचा ४था अध्याय सावकाश वाचावा. अभिषिक्त याजकाने पाप केले तर गोऱ्हा, साऱ्या मंडळीने केले तरी गोऱ्हा, अधिपतीने केले तर बकरा, सामान्य माणसाने केले तर बकरी किंवा मेंढी. बळी बदलतो तसे रक्त लावण्याचे ठिकाणही बदलते. याजकाच्या आणि साऱ्या मंडळीच्या पापासाठी रक्त मंडपात नेऊन अंतरपटासमोर सात वेळा शिंपडले जाते आणि धूपवेदीच्या शिंगांना लावले जाते. अधिपती आणि सामान्य माणूस यांच्यासाठी ते अंगणातल्या वेदीच्या शिंगांपर्यंतच जाते. जितका मोठ्या पदावरचा माणूस, तितका त्याच्या पापाचा मळ देवाच्या निवासात खोल शिरतो, असा याचा तर्क. पापार्पण हे मुख्यतः पवित्रस्थानाच्या शुद्धीसाठी आहे, ही मांडणी विसाव्या शतकात यहुदी अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी तपशिलाने केली आणि तेव्हापासून लेवीयाच्या प्रत्येक गंभीर वाचकाला तिची दखल घ्यावी लागते.

आणखी दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली, ही अर्पणे प्रामुख्याने नकळत किंवा चुकून घडलेल्या पापांसाठी आहेत. जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या पापासाठी गणना या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात अर्पण नाही, बहिष्कार आहे. दुसरी, ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याने एक दशमांश एफा (धान्याचे एक माप) सपीठ आणावे, त्याचेही पापार्पण होते, असे लेवीय ५:११ सांगते. म्हणजे रक्ताविना क्षमा नाहीच, असे लेवीय म्हणत नाही. इब्री लोकांस पत्राच्या ९:२२ मध्ये नियमशास्त्राप्रमाणे ‘बहुतेक’ सर्व काही रक्ताने शुद्ध होते, अशी सावध शब्दरचना आहे. प्रवचनात हे ‘बहुतेक’ नेमके गळून पडते.

कोण काय करतो, याची नोंद करणे

लेवीयाचा पहिला अध्याय पुन्हा उघडून त्यातील क्रियापदांपुढे कर्त्याचे नाव लिहावे. पशू आणणारा माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि पशूचा वध तोच करतो. याजकाचे काम त्यानंतर सुरू होते : रक्त घेणे, ते वेदीवर टाकणे, अवयव रचणे, अग्नीत अर्पणे. वध ही याजकाची क्रिया नाही. ती आवश्यक आहे, पण तिने प्रायश्चित्त पुरे होत नाही. रक्त वेदीशी पोहोचले की होते. लेवीय १७:११ नुसार रक्तात जीव असतो, आणि वेदीवर जातो तो तो जीव.

हे ध्यानात आले की ‘बळी म्हणजे पाप्याच्या जागी दिलेली मृत्युदंडाची शिक्षा’ हे सरसकट समीकरण जरा डळमळते. पापाचा भार पशूवर जातो असे मानावे, तर पापार्पणाचे मांस परमपवित्र ठरवून याजकांनी ते पवित्र ठिकाणी खावे, हा ६व्या अध्यायातला नियम चमत्कारिक वाटेल. डोक्यावर हात ठेवणे म्हणजे पाप उतरवणे, की ‘हा पशू माझा, हे अर्पण माझ्या नावाचे’ असे जाहीर करणे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि नवख्याने तो प्रश्न तूर्त उघडाच ठेवावा.

लेवीय १६ : प्रायश्चित्ताचा दिवस

सगळ्या वाचनात ज्या एका अध्यायाला सर्वाधिक वेळ द्यायचा तो हा. अध्यायाची सुरुवातच एका दुर्घटनेच्या आठवणीने होते : अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, परमेश्वराने न सांगितलेला अग्नी घेऊन त्याच्यासमोर गेले आणि मरण पावले. म्हणून अहरोनाने वाटेल तेव्हा अंतरपटाच्या आत येऊ नये, असा इशारा आहे. पुढचा सगळा विधी ‘मग आत यायचे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर आहे.

सातव्या महिन्याचा दहावा दिवस. मुख्य याजक आपली सोन्याची, रंगीत, भरजरी वस्त्रे त्या विधीपुरती बाजूला ठेवतो, स्नान करतो आणि साधी तागाची वस्त्रे घालतो. स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी एक गोऱ्हा, आणि लोकांसाठी दोन बकरे. बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जातात : एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडण्यासाठी. तो गोऱ्ह्याचा वध करतो, जळत्या निखाऱ्यांचे धुपाटणे आणि ओंजळभर धूप घेऊन अंतरपटाच्या आत जातो, धुराच्या ढगाने दयासन झाकले जाऊ देतो, आणि रक्त बोटाने दयासनावर व त्याच्यासमोर सात वेळा शिंपडतो. मग पहिल्या बकऱ्याचा वध करून त्याचे रक्तही तसेच आत नेतो. हे कशासाठी? इस्राएल लोकांच्या अशुद्धतेमुळे आणि अपराधांमुळे पवित्रस्थानाला लागलेला मळ काढण्यासाठी, असे १६वे वचन स्पष्ट सांगते. त्या वेळी मंडपात दुसरे कोणीही असता कामा नये. त्यानंतर तो बाहेर येऊन वेदीच्या शिंगांना रक्त लावतो.

हे सारे झाल्यावर जिवंत बकरा पुढे आणतात. आता मुख्य याजक एक नव्हे तर दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो, इस्राएलाची सर्व पापे उच्चारून कबूल करतो, ती त्याच्या माथी ठेवतो, आणि नेमलेला मनुष्य त्याला रानात सोडून येतो.

ज्याच्यावर पापे ठेवली तो बकरा वेदीवर जात नाही, त्याचे रक्तही काढले जात नाही. आणि ज्याचे रक्त परमपवित्रस्थानात जाते, त्याच्यावर पापांची कबुली दिलेली नसते. एक शुद्धी करतो, दुसरा वाहून नेतो. ख्रिस्ती विचारात ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीत एकवटली, त्यामुळे मागे वळून पाहणाऱ्याला दोन बकऱ्यांतील फरक पुसट दिसतो. (पापे घेऊन रानात जाणारा बकरा म्हणजे येशू, असे नव्या करारात कोठेही थेट म्हटलेले नाही. ती जुळणी बर्नबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नव्या करारात समाविष्ट न झालेल्या एका प्राचीन ख्रिस्ती पत्रात दिसते.) शेवटी गोऱ्हा आणि वध केलेला बकरा यांची कातडी, मांस व शेण छावणीबाहेर नेऊन जाळतात. हा बारीकसा तपशीलही पुढे लागणार आहे.

दुसऱ्या मंदिराच्या काळात हा विधी कसा होत असे, याचे वर्णन मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातील योमा या प्रकरणात आहे. तोवर कराराचा कोश नाहीसा झालेला होता. मुख्य याजक धुपाटणे रिकाम्या परमपवित्रस्थानातल्या एका खडकावर ठेवी, आणि रानात न्यायच्या बकऱ्याच्या शिंगांना किरमिजी लोकर बांधली जाई. त्याच प्रकरणात असेही बजावले आहे की माणसामाणसांतील अपराधांचे प्रायश्चित्त हा दिवस करत नाही, जोवर माणूस ज्याचा अपराध केला त्याची समजूत घालत नाही तोवर. दोषार्पणातील भरपाईचाच हा धागा.

मंदिर पडल्यावरची यहुदी वाट लक्षात ठेवणे

इ. स. ७० मध्ये तीतसाच्या नेतृत्वाखालील रोमन सैन्याने यरुशलेमेतील मंदिर जाळले आणि यज्ञ थांबले. येथून दोन वाटा फुटल्या असे म्हणता येईल, आणि ख्रिस्ती वाट वाचताना यहुदी वाट संपली असे समजू नये. रब्बी योहानान बेन झक्काई यांच्याविषयी परंपरा सांगते, की मंदिराचे भग्नावशेष पाहून शोक करणाऱ्या शिष्याला त्यांनी होशेय संदेष्ट्याच्या वचनाचा आधार देऊन, दयेची कृत्ये हे आपल्याजवळ तितकेच प्रायश्चित्त आहे, असे सांगितले. प्रार्थना, पश्चात्ताप, उपास आणि दानधर्म यांवर तो दिवस, योम किप्पूर, आजही पाळला जातो. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल हे यहुदी लोक तो दारफाळणीचा सण म्हणून, घराची दारे बंद करून कडक उपासाने पाळत आले.

यज्ञांवरची टीका ख्रिस्ती धर्माने सुरू केली, हाही गैरसमज आहे. यशया, आमोस, मीखा आणि ५१वे स्तोत्र वाचले की दिसते, हात रक्ताने माखलेले असताना बळी आणू नका, हे इस्राएलाच्या संदेष्ट्यांनीच आधी खडसावले होते.

इब्री लोकांस पत्र : युक्तिवाद टप्प्याटप्प्याने

या पत्राचा लेखक स्वतःचे नाव सांगत नाही. तो पौल असावा असे पूर्वी मानत. आज बहुतेक अभ्यासक तसे मानत नाहीत. लेखकाला लेवीय तोंडपाठ आहे आणि वाचकालाही तो ठाऊक आहे असे तो धरून चालतो, म्हणूनच त्याला शेवटी वाचायचे.

त्याच्यापुढची पहिली अडचण कुळाची आहे. येशू यहूदा वंशातला. मोशेच्या नियमाने तो याजक होऊच शकत नाही, हे लेखक ७व्या अध्यायात स्वतःच कबूल करतो. मग तो उत्पत्ती १४ मधला शालेमचा राजा मलकीसदेक पुढे आणतो, ज्याने अब्राहामाला आशीर्वाद दिला आणि ज्याला अब्राहामाने दशमांश दिला, आणि ११०व्या स्तोत्रातले ‘मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे युगानुयुग याजक’ हे वचन त्याला जोडतो. अहरोनाच्या आधीचे, वंशावर न टेकलेले याजकपण शास्त्रात आहेच, असा हा युक्तिवाद.

दुसरा टप्पा स्थानाचा. निर्गम २५:४० मध्ये मोशेला पर्वतावर दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे मंडप करायला सांगितले आहे. त्यावरून लेखक म्हणतो की पृथ्वीवरचा मंडप स्वर्गीय वस्तूची छाया होता. येशू हाताने केलेल्या पवित्रस्थानात गेला नाही, प्रत्यक्ष स्वर्गात गेला, असे ९:२४. आपण लेवीय १६ नीट वाचले असेल, तर येथे क्रियापद कोणते आहे याकडे लगेच लक्ष जाईल : ‘गेला’, ‘प्रवेश केला’. मुख्य याजक वर्षातून एकदा दुसऱ्याचे रक्त घेऊन आत जातो. ख्रिस्त स्वतःच्या रक्ताद्वारे एकदाच गेला. म्हणजे या पत्रात क्रूस हा वधाचा क्षण आहे आणि स्वर्गारोहण हा अंतरपटाच्या आत जाण्याचा. डेव्हिड मॉफिट या अभ्यासकाने तर असा पक्ष मांडला आहे की या पत्राच्या दृष्टीने प्रायश्चित्ताचे अर्पण पुनरुत्थित येशू देवासमोर उभा राहतो तेव्हा घडते. हे मत सर्वांना मान्य नाही. मला ते निदान पत्राच्या शब्दांशी प्रामाणिक वाटते, आणि लेवीयाकडून येणाऱ्या वाचकाला ते मुळीच विचित्र वाटणार नाही.

तिसरा टप्पा पुनरावृत्तीचा. दरवर्षी तेच अर्पण करावे लागते, याचा अर्थ त्याने काम कायमचे झाले नाही, असे १०वा अध्याय म्हणतो, आणि बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पापे नाहीशी होणे अशक्य आहे, इथपर्यंत जातो. यहुदी वाचक यावर सरळ म्हणेल, की वर्षातून एकदा घर स्वच्छ करणे म्हणजे मागची स्वच्छता खोटी होती असे नव्हे. हा आक्षेप टाळून पुढे जाऊ नये; तो समजला तरच लेखकाचे पुढचे पाऊल कळते. तो ४०वे स्तोत्र उद्धृत करतो, ज्यात यज्ञ आणि अर्पणे यांच्याऐवजी ‘तुझी इच्छा पूर्ण करायला मी आलो आहे’ असे म्हटले आहे. पशूला आज्ञापालन करता येत नाही. स्वेच्छेने, देहाने, शेवटपर्यंत केलेले आज्ञापालन हे या अर्पणाचे वेगळेपण, असे लेखकाला म्हणायचे आहे. मग तो एक चित्र देतो : याजक रोज उभा राहून सेवा करतो, ख्रिस्त मात्र एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. मंडपात याजकासाठी आसन नव्हते, हे निर्गमातील आराखडा काढलेल्या वाचकाला सांगावे लागत नाही.

या साऱ्याचे फळ १०:१९ ते २२ मध्ये आहे. अंतरपटातून आत जाण्याची वाट आता सर्वांना मोकळी झाली, तेव्हा धैर्याने जवळ यावे. आपण सुरुवातीला कागदावर लिहून ठेवलेली ‘कोण कोठपर्यंत’ ही यादीच येथे रद्द होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या मृत्यूच्या क्षणी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, त्याचाही रोख हाच. १३व्या अध्यायात शेवटचा धागा येतो : बळींची शरीरे छावणीबाहेर जाळत, तसेच येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही त्याची निंदा सोसत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. सांत्वनापेक्षा हे आव्हान अधिक आहे.

जाता जाता एक गाठ. इब्री ९:४ मध्ये धुपाचे सोन्याचे साधन परमपवित्रस्थानात असल्याचे लिहिले आहे, तर निर्गम ३०:६ मध्ये धूपवेदी अंतरपटाच्या अलीकडे आहे. जुन्या काळापासून भाष्यकार ही गाठ सोडवत आले आहेत. ती सुटली नाही तरी युक्तिवाद अडत नाही.

इतर प्रतिमा त्यांच्या त्यांच्या जागी ठेवणे

इब्री लोकांस पत्र वाचून झाले की नव्या करारातील इतर वचने तपासावीत, आणि प्रत्येक वेळी विचारावे : येथे नेमके कोणते अर्पण मनात आहे? पौल करिंथकरांना ‘आपला वल्हांडणाचा यज्ञपशू ख्रिस्त’ असे लिहितो तेव्हा निर्गम १२ मधला कोकरा पुढे असतो. तो मिसरच्या दास्यातून सुटकेचा आणि संरक्षणाचा आहे, तोरात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, त्याला पापार्पण म्हटलेले नाही. शेवटच्या भोजनात येशू ‘कराराचे रक्त’ म्हणतो तेव्हा निर्गम २४ आठवावे, जेथे मोशे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर टाकतो. तेथे विषय पाप नसून नाते जोडणे आहे. यशया ५३ मधल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाचा जीव दोषार्पण होतो. रोमकरांस ३:२५ मध्ये पौल येशूसाठी जो शब्द वापरतो तोच जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात कोशाच्या सोन्याच्या झाकणाला वापरलेला आहे, म्हणजे तेथे येशू बळीपेक्षाही भेटीच्या जागेसारखा दिसतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ हा उद्गार यांतल्या एकाच चौकटीत बसवता येत नाही, आणि तो बसवण्याचा आग्रहही धरू नये.

मंडळीच्या सिद्धांतांकडे वळणे

हे सगळे झाल्यावरच सिद्धांतांची पुस्तके उघडावीत. निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे चौथ्या शतकातील श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, ख्रिस्त आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला एवढेच आहे. ‘कसे’ याचे उत्तर त्या काळच्या कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने ठरवून दिले नाही. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी सैतानाला दिलेल्या खंडणीची भाषा वापरत होता, तर त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी विचारत होता, की लुटारूला खंडणी देणे ही कसली गोष्ट! १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या अँसेल्मने देवाच्या सन्मानाचे ऋण फेडण्याची मांडणी केली. बाराव्या शतकात आबेलारने, देवाचे प्रेम पाहून माणूस आतून बदलतो, यावर भर दिला. सोळाव्या शतकात काल्व्हिनसारख्या सुधारकांनी, पाप्याची शिक्षा ख्रिस्ताने सोसली, असे न्यायालयीन भाषेत सांगितले, आणि मराठी प्रॉटेस्टंट प्रवचनांत आजही हाच सूर जास्त ऐकू येतो. यांतले प्रत्येक मत बायबलातले काही ना काही धरते. लेवीय १६ शी मात्र प्रत्येकाला कोठे ना कोठे ओढाताण करावी लागते, आणि ती नेमकी कोठे होते हे आता वाचकाला स्वतः शोधता येईल.

उपासनेतही हा मतभेद दिसतो. कॅथॉलिक परंपरेत ख्रिस्तयाग (मिस्सा) हा खरा यज्ञ आहे. क्रूसावरचाच बळी येथे रक्तविरहित रीतीने अर्पिला जातो, असे १५६२ मध्ये कॅथॉलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने जाहीर केले. प्रॉटेस्टंट मंडळ्या इब्री १०:१० ते १४ मधल्या ‘एकदाच’ या शब्दावर बोट ठेवून प्रभुभोजनाला यज्ञ म्हणायचे नाकारतात. त्यावर कॅथॉलिक उत्तर असे, की हा दुसरा यज्ञ नव्हे, त्याच एका यज्ञाचे सान्निध्य आहे. ही वचने आणि लेवीय १६ शेजारी ठेवून दोन्ही बाजू वाचाव्यात.

ज्याला हे प्रत्यक्ष अनुभवायचे असेल त्याने गुड फ्रायडेला वसईतील किंवा जवळच्या कोणत्याही कॅथॉलिक चर्चमध्ये दुपारच्या उपासनेला जावे. त्या दिवशी ख्रिस्तयाग होत नाही. वाचने तीन असतात : यशयातील दुःख सोसणारा सेवक, इब्री लोकांस पत्राच्या ४थ्या व ५व्या अध्यायांतील प्रमुख याजक, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाची कथा. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याच सुमारास क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने चालू असतात. लेवीयाचा १६वा अध्याय यांपैकी कोठेही बहुधा वाचला जात नाही. तो आदल्या रात्री घरी वाचून जावे.